थायरॉइडमधला साका

अँटी-टीपीओच्या, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीच्या, तपासणीचा कागद हल्ली मराठी घरांत सर्रास सापडतो. त्यावरचा आकडा कधी साठ असतो, कधी सहाशे, कधी हजाराच्याही वर. घरातली बाई तो पाहून हादरते, बहिणीला फोनवर सांगते, ‘अगं, माझ्या अँटिबॉडी फारच वाढल्यात,’ आणि सहा महिन्यांनी आकडा उतरला का हे पाहायला पुन्हा रक्त देऊन येते. रक्तातल्या या आकड्याची चर्चा भरपूर होते. पण ही अँटिबॉडी गळ्यातल्या ग्रंथीत नेमकी कुठे पोचते, कशाला चिकटते आणि चिकटल्यावर तिथे काय घडवते, याची चर्चा होत नाही. हे प्रकरण त्याविषयी आहे. आजार ग्रंथीत होतो. रक्तात त्याची फक्त खबर लागते. म्हणून आपण ग्रंथीच उघडून पाहणार आहोत.

आधी जागा नीट ओळखून घेऊ. थायरॉइड ग्रंथी श्वासनलिकेला पुढून बिलगलेली असते. प्रौढ माणसात तिचं वजन साधारण 15 ते 25 ग्रॅम. सूक्ष्मदर्शकाखाली ती गोलसर पुटिकांची बनलेली दिसते. प्रत्येक पुटिकेची भिंत पेशींच्या एकाच थराची आणि आत गुलाबी रंग घेणारा चिकट द्रव, म्हणजे कोलॉइड. या कोलॉइडमध्ये मुख्यतः थायरोग्लोब्युलिन हे अवाढव्य प्रथिन असतं. त्याचा रेणुभार 6,60,000 डाल्टनच्या आसपास. थायरॉइडचं संप्रेरक याच प्रथिनावर घडतं आणि लागेपर्यंत त्याच्यावरच साठून राहतं. पुटिकेच्या बाहेरून एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, आधारपटल. त्याच्या पलीकडे केशवाहिन्यांची दाट जाळी. ग्रंथीला होणारा रक्तपुरवठा तिच्या आकाराच्या मानाने फार मोठा असतो.

पुटिकेच्या पेशीला दोन तोंडं आहेत, एक आतल्या कोलॉइडकडे आणि दुसरं बाहेरच्या रक्ताकडे. थायरॉइड पेरॉक्सिडेज, म्हणजे टीपीओ, हे एन्झाइम पेशीच्या आत आणि कोलॉइडकडच्या तोंडावर असतं. पिट्यूटरीकडून येणाऱ्या टीएसएचचा रिसेप्टर मात्र रक्ताकडच्या तोंडावर असतो. हा फरक वाचकाने पक्का लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं कोडं त्यातूनच उभं राहतं. अँटिबॉडी रक्तातून येते, म्हणजे बाहेरच्या बाजूने. टीएसएच रिसेप्टरपर्यंत ती सहज पोचते. पण टीपीओ आणि थायरोग्लोब्युलिन तर भिंतीच्या आत. पुटिका धडधाकट असताना अँटिबॉडीची आणि त्यांची गाठ पडणार कशी?

गाठ पडते, याचा पुरावा म्हणजे इम्यून डिपॉझिट. अँटिबॉडी, तिने पकडलेलं प्रथिन आणि त्या जोडीवर येऊन बसलेली कॉम्प्लिमेंटची (रक्तातल्या प्रतिकार-साखळीची) प्रथिनं, यांचे बारीक कण ऊतीत अडकून राहतात. काढा निवळला की भांड्याच्या तळाशी साका उरतो, तसा हा झटापटीचा साका. थायरॉइडमध्ये तो प्रामुख्याने आधारपटलाच्या आसपास सापडतो.

या साक्यापर्यंत पोचायला वैद्यकाला साठ वर्षं लागली. सुरुवात जपानमधल्या फुकुओका इथे झाली. हाकारू हाशिमोतो हा क्यूशू विद्यापीठातला तरुण शल्यविशारद. शस्त्रक्रियेने काढलेल्या चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथी त्याने बारकाईने तपासल्या आणि 1912 साली एका जर्मन नियतकालिकात आपली निरीक्षणं छापली. ग्रंथीत लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी, लसिका ग्रंथींत दिसतात तसे गोल पुंजके, सुजून बदललेल्या पुटिका-पेशी आणि मधूनमधून तंतूंची वाढ, हे सगळं त्याने एवढं नेमकं टिपलं की आजही त्यात फारशी दुरुस्ती करावी लागत नाही. या आजाराला त्याने ‘स्ट्रूमा लिम्फोमॅटोसा’ असं नाव दिलं. पुढे तो शिकण्यासाठी जर्मनीत गेला, पहिलं महायुद्ध पेटलं तसा मायदेशी परतला आणि इगा या आपल्या गावी साधी प्रॅक्टिस करत राहिला. 1934 साली टायफॉइडने त्याचं निधन झालं. आपलं नाव जगभरच्या दवाखान्यांत रोज उच्चारलं जाईल, याची कल्पना त्याला येणं शक्यच नव्हतं. पाश्चात्त्य पॅथॉलॉजिस्ट बराच काळ त्याच्या शोधाला ग्रंथी तंतुमय आणि टणक करणाऱ्या रीडेलच्या थायरॉइड आजाराची पहिली पायरी समजत होते.

हाशिमोतोला लिम्फोसाइट दिसले, पण ते तिथे का जमले हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्या काळी पॉल एर्लिखचा एक सिद्धांत मान्यता पावला होता: शरीर स्वतःविरुद्ध विषारी अस्त्र उगारत नाही, त्याला तसा तिटकाराच असतो. एर्लिखचा दबदबा इतका होता की पुढची काही दशकं उलट दिशेला विचार करायला फारसं कुणी धजलं नाही. कोंडी फुटली ती 1956 साली, आणि तीही एकाच वर्षात तीन ठिकाणी. अमेरिकेतल्या बफेलो इथे एर्न्स्ट विटेब्स्की आणि त्याचा तरुण सहकारी नोएल रोझ यांनी सशांना सशांच्याच थायरॉइडचा अर्क टोचला. सशांच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या आणि ग्रंथीत हाशिमोतोने वर्णन केला होता तसा दाह उठला. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डेबोरा डोनियाक आणि आयव्हन रॉइट यांनी हाशिमोतोच्या रुग्णांचं रक्तद्रव आणि माणसाच्या थायरॉइडचा अर्क जेलमध्ये समोरासमोर ठेवले. दोन्ही जिथे भेटले तिथे पांढरी रेघ उमटली. ती रेघ म्हणजे थायरोग्लोब्युलिन आणि अँटिबॉडी यांचा संयोग. आणि न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन इथे अ‍ॅडम्स आणि पर्व्हीस यांना ग्रेव्हज आजाराच्या, म्हणजे थायरॉइड अतिक्रियाशील झालेल्या, रुग्णांच्या रक्तात थायरॉइडला तासन्‌तास चेतवत राहणारं काहीतरी सापडलं. तीही अखेर अँटिबॉडीच निघाली.

डोनियाक-रॉइट यांच्या जेलमधली ती रेघ मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. ग्रंथीत जो साका पुढे सापडला, तोच त्यांनी आधी काचेवर पाहिला होता, असं म्हणायला हरकत नाही.

ऊतीत तो पाहायचा तर वेगळी नजर हवी होती, आणि ती अल्बर्ट कून्सने दिली. 1939 साली बर्लिनमध्ये असताना संधिवाती तापाबद्दल विचार करता करता त्याच्या मनात आलं की अँटिबॉडीलाच चमकणारा रंग जोडला तर ती ऊतीत कुठे जाऊन बसते हे डोळ्यांनी दिसेल. बॉस्टनला परतल्यावर 1941 पासून त्याने ही युक्ती प्रत्यक्षात आणली. आज तिला इम्युनोफ्लुओरेसन्स म्हणतात. मूत्रपिंडाच्या आजारांत या पद्धतीने क्रांती केली. गुडपाश्चरच्या आजारात मूत्रपिंडाच्या पटलावर एकसंध, आखीव हिरवी रेघ चमकते, कारण अँटिबॉडी त्या पटलाविरुद्धच असते. ल्युपसमध्ये मात्र ठिपके ठिपके दिसतात, कारण तिथे अँटिबॉडी-प्रथिनांच्या जोड्या येऊन रुतलेल्या असतात. रेघ की ठिपके, एवढ्यावरून आजाराचा स्वभाव ओळखता येऊ लागला.

थायरॉइडकडे ही नजर वळली ती 1970च्या दशकात. 1972 साली न्यूयॉर्कच्या सिडनी वर्नर आणि सहकाऱ्यांनी ग्रेव्हजच्या रुग्णांच्या थायरॉइडमधल्या संयोजी ऊतीत आयजीई, आयजीएम, आयजीजी या तिन्ही जातींच्या अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट असल्याचं दाखवलं. 1977 साली अल्बर्ट कॅल्डरॉन यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ग्रेव्हज आणि हाशिमोतो या दोन्ही आजारांत पुटिकांच्या आधारपटलालगत गडद कण पाहिले. इथेही चित्र ठिपक्यांचंच होतं, रेघेचं नव्हे. याचा अर्थ, अँटिबॉडी आधारपटलावर चालून आलेली नाही. ती दुसऱ्या कशाला तरी धरून तिथे अडकली आहे. शिवाय हे कण सगळ्या रुग्णांत सापडत नाहीत, एकाच ग्रंथीतही सगळीकडे सारखे नसतात. एका पुटिकेभोवती दाट साका आणि शेजारचीच पुटिका स्वच्छ, असं दिसू शकतं. या विषयावर छातीठोक विधानं करणाऱ्याने ही विषमता आधी ध्यानात घ्यायला हवी.

ते कण आले कुठून, याचं उत्तर उंदरांनी दिलं. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे क्लॅजेट, विल्सन आणि वाइगल यांनी 1974 साली थायरोग्लोब्युलिन टोचलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या उंदरांच्या पुटिकांच्या आजूबाजूला थायरोग्लोब्युलिन, त्याविरुद्धची अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट यांचे ठिपके सापडले. मूत्रपिंडात अशा जोड्या अनेकदा रक्तातून वाहत येऊन गाळणीत अडकतात. थायरॉइडची गोष्ट निराळी आहे. थायरोग्लोब्युलिन पुटिकेच्या भिंतीतून थोडं थोडं बाहेर झिरपत असतं. निरोगी माणसाच्या रक्तातही ते अल्प प्रमाणात मोजता येतं. बाहेर पडताच त्याची गाठ रक्तातून आलेल्या अँटिबॉडीशी पडते, आणि दोघांची जोडी जागीच, आधारपटलापाशी, साचते. भिंतीआडच्या प्रथिनाला अँटिबॉडी कशी गाठते, या मघाच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. अँटिबॉडीला आत जावं लागत नाही; प्रथिन स्वतःच बाहेर येतं. उरलेलं अर्धं उत्तर असं, की आजारी ग्रंथीत अँटिबॉडीलाही लांबून यावं लागत नाही. हाशिमोतोने पाहिलेल्या त्या लिम्फोसाइटच्या पुंजक्यांत आणि त्यांच्याभोवतीच्या प्लाझ्मा पेशींत अँटिबॉडी तिथल्या तिथे तयार होते. ग्रंथीतून काढलेल्या लिम्फोसाइट पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर त्या थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी बनवतात.

आता खरा प्रश्न. हा साका ग्रंथीचं नुकसान करतो, की नुकसान झालं त्याची ती नुसती खूण आहे?

नुकसान होतं, या बाजूचे पुरावे हलके नाहीत. कॉर्नेल विद्यापीठात रँडल कोल यांनी निपजवलेल्या कोंबड्यांच्या एका वाणाला जन्मानंतर काही आठवड्यांतच आपोआप थायरॉइडचा दाह होतो. पक्ष्यांत अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी ‘बर्सा’ नावाच्या अवयवात घडतात. पिल्लांचा बर्सा वेळीच काढून टाकला तर आजार बराच सौम्य होतो. माणसातही टीपीओविरुद्धच्या अँटिबॉडी कॉम्प्लिमेंटला चेतवू शकतात. कॉम्प्लिमेंटची साखळी पूर्ण झाली की तिचे शेवटचे घटक एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला भोक पाडणारी रचना बनवतात. ग्रेव्हज आणि हाशिमोतोच्या ग्रंथींत पुटिकांभोवती ही रचना दिसते. पण थायरॉइडच्या पेशी काही हातपाय गाळून बसत नाहीत. त्यांच्या आवरणावर सीडी59 सारखी संरक्षक प्रथिनं असतात. ती भोक पडू देत नाहीत, किंवा पडलं तरी पेशी मरण्याइतकं मोठं होऊ देत नाहीत. तरी अशा अर्धवट हल्ल्यानेही पेशी चेतते आणि दाह वाढवणारी रसायनं सोडू लागते. थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या अँटिबॉडी मात्र कॉम्प्लिमेंटला फारशा चेतवत नाहीत, कारण त्या अवाढव्य रेणूवर त्यांच्या बसण्याच्या जागा एकमेकींपासून लांब लांब असतात.

दुसऱ्या बाजूचा पुरावा एकच आहे, पण फार मोठा. आईच्या आयजीजी अँटिबॉडी वारेतून बाळात जातात. ग्रेव्हजच्या आईच्या टीएसएच रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर असतील तर बाळाचंही थायरॉइड जन्मतः अतिक्रियाशील असू शकतं. आईची अँटिबॉडी काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत ओसरली की बाळ बरं होतं. इथे अँटिबॉडी हीच आजाराचं कारण आहे हे निसर्गानेच सिद्ध केलं. मात्र अँटी-टीपीओ प्रचंड वाढलेल्या हाशिमोतोच्या आईचं बाळ सहसा निरोगी थायरॉइड घेऊन जन्मतं. तीच अँटिबॉडी बाळाच्या रक्तात फिरत असते आणि त्याच्या ग्रंथीला धक्का लागत नाही. पुटिकेची भिंत आधी कुणीतरी मोडावी लागते; अँटिबॉडी एकटी ते करू शकत नाही.

ती भिंत मोडण्याचं मुख्य काम टी लिम्फोसाइट करतात, असं आजचं मत आहे. 1983 साली लंडनमधल्या बोताझो आणि डोनियाक यांच्या गटाने दाखवलं की आजारी थायरॉइडच्या पेशी टी लिम्फोसाइटना प्रथिनांचे तुकडे दाखवणारे एचएलए-डीआर हे रेणू बाहेरच्या बाजूला मांडतात, जे सहसा प्रतिकारशक्तीच्या पेशींचंच काम. आजार सुरू होण्यात अनुवंश आहे, आयोडीनचं प्रमाण आहे, स्त्री-पुरुष भेद आहे. पण या प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण लागेल, म्हणून इथे फक्त नोंद करतो.

माझं मत दोन्ही पुराव्यांच्या मध्ये आहे. आग साक्याने लावलेली नाही. पण एकदा टी पेशींनी भिंतीला तडे पाडले की थायरोग्लोब्युलिन जास्त झिरपतं, टीपीओ उघडं पडतं, अँटिबॉडीच्या जोड्या साचतात, कॉम्प्लिमेंट चेततं आणि दाह टिकून राहतो. सौम्य दाह वर्षानुवर्षं का धुमसत राहतो, काही ग्रंथी आकसून तंतुमय का होतात, हे समजून घेताना साक्याला वगळता येणार नाही. आणि क्वचित हा मामला ग्रंथीबाहेरही जातो. थायरॉइडच्या आजाराबरोबर लघवीतून प्रथिन जाणाऱ्या मोजक्या रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या बायोप्सीत थायरोग्लोब्युलिन सापडलं आहे. थायरॉइडच्या रुग्णाचे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तर ‘हे थायरॉइडचंच असेल’ असं गृहीत न धरता लघवीची साधी तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मुंबई आणि गोवा यांच्यासह भारतातल्या आठ शहरांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 5360 प्रौढांपैकी 10.95 टक्क्यांचं थायरॉइड मंदावलेलं आढळलं, तर 21.85 टक्क्यांच्या रक्तात अँटी-टीपीओ सापडल्या. म्हणजे दर पाच माणसांमागे एकाहून थोडी जास्त. यातल्या पुष्कळांना त्या घडीला थायरॉइडचा त्रास नव्हता. इंग्लंडमधल्या व्हिकम गावातल्या लोकांचा वीस वर्षं माग काढण्यात आला, तेव्हा कळलं की नुसत्या अँटिबॉडी असलेल्या स्त्रियांपैकी वर्षाला साधारण 2 टक्क्यांचं थायरॉइड मंदावतं. अँटिबॉडी आणि वाढलेलं टीएसएच दोन्ही असतील तर सुमारे 4 टक्क्यांचं. दुर्लक्ष करावं इतका हा धोका लहान नाही आणि हातपाय गाळावे इतका मोठाही नाही.

म्हणून वाचकाला काही गोष्टी स्पष्ट सांगतो. हाशिमोतोचं निदान एकदा झालं की अँटी-टीपीओ पुन्हा पुन्हा मोजून काही हाती लागत नाही. औषधाचा डोस टीएसएचवरून ठरतो. रक्तातला आकडा निम्मा झाला तरी ग्रंथीतला साका निम्मा झाला असं कुणी सांगू शकत नाही, कारण जिवंत माणसाच्या ग्रंथीतला साका रोजच्या तपासण्यांत कुणीच पाहत नाही. सुईच्या तपासणीत पेशी निघतात, पण आधारपटलासह अखंड पुटिकेची रचना हाती लागत नाही. अँटिबॉडी ‘धुऊन काढण्याच्या’ जाहिराती ज्या गोळ्या-चूर्णांबद्दल होतात, त्यांपायी पैसे घालवू नयेत. अँटी-टीपीओ असलेल्या बाईला दिवस गेले असतील, किंवा जाऊ द्यायचे असतील, तर मात्र तिने टीएसएच लवकर तपासावं आणि बाळंतपणानंतरच्या वर्षभरात पुन्हा तपासावं. अशा स्त्रियांपैकी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत स्त्रियांना बाळंतपणानंतर थायरॉइडचा दाह होतो. आणि तेव्हाचा थकवा, चिडचिड, उदासपणा ‘बाळंतिणीला होतंच असं’ म्हणून सोडून दिला जातो. सासूबाईंनी आणि आईनेही हे ध्यानात घ्यावं.

आणि एक विनंती माझ्या पॅथॉलॉजीतल्या तरुण सहकाऱ्यांना. साक्याबद्दल आपल्याला जे कळलं ते शस्त्रक्रियेने काढलेल्या ग्रंथींमधून, आणि त्यातल्या ग्रेव्हजच्या ग्रंथी बहुधा औषधांनी आधीच शांत केलेल्या. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या ऊतीत इम्युनोफ्लुओरेसन्स नीट जमत नाही, आणि आपल्याकडे काढलेली ग्रंथी शस्त्रक्रियागृहातूनच फॉर्मॅलिनच्या बरणीत पडते. स्वयंप्रतिकार आजाराची ग्रंथी येणार हे आधी कळलं असेल, तर रुग्णाची संमती घेऊन, बरणीत टाकण्यापूर्वी तिचा एक छोटा तुकडा गोठवून ठेवा.